उजव्या अंगठ्याचं नख

जूनचा दुसरा आठवडा, पावसाची पहिली झड नुकतीच येऊन गेलेली. लालबागमधल्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळी अण्णा आले, ते दर तीन महिन्यांच्या तपासणीला. वय ७६. पंधरा वर्षांचा मधुमेह, जवळपास तेवढाच जुना रक्तदाब, चार वर्षांपूर्वी हृदयात घातलेला एक स्टेंट. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचे नाहीत.) १९७१ साली ते पोस्टमन म्हणून लागले, पुढच्याच वर्षी पिनकोड सुरू झाला, आणि सदतीस वर्षं परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींचे जिने चढून-उतरून ते निवृत्त झाले.

बीपी ठीक होतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.४, म्हणजे साखर मनासारखी नव्हती. मी औषधं लिहायला घेतली तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरबाई, अण्णांच्या उजव्या मोज्याला डाग लागतोय. दोनदा धुतला, परत लागला."

अण्णा चिडले. "काही नाही हो, बूट लागतो जरा."

मोजे नातवाचे होते, शाळेच्या गणवेशाचे जुने, पांढरेशुभ्र. काळे असते तर डाग दिसलाच नसता.

मी बूट-मोजे काढायला सांगितले. अण्णा नऊ वर्षं माझ्याकडे येत होते. या नऊ वर्षांत सूज पाहायला मी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला होता, तोही मोज्याच्या वर. मोजा उतरवून बोटं कधी पाहिली नव्हती. मधुमेह असलेल्या माणसाचे पाय वर्षातून निदान एकदा पूर्ण उघडे करून तपासायचे असतात, हे मला पाठ होतं. केलं नव्हतं. बाहेर वीस माणसं बसलेली असतात, म्हाताऱ्या माणसाला वाकून बूट काढायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं दर वेळी पुढच्या खेपेवर जातात. माझी ही चूक आधी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

काय दिसलं

उजव्या अंगठ्याचं नख मुळाशी पिवळं, पुढे तपकिरी, सुमारे सात मिलिमीटर जाड होतं आणि टोकाला शेजारच्या बोटाकडे वळलं होतं. मेंढ्याच्या शिंगावर असतात तशा त्यावर आडव्या वळ्या. डाव्या अंगठ्याचं नखही जाड होतं, पण सरळ. त्याचा पुढचा तिसरा हिस्सा पिवळट-पांढरा, आणि कडेखाली लाकडाचा भुसा भरावा तसा चुरा. उजव्या दुसऱ्या बोटाच्या नखाखाली काळसर डाग. डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात चिखल्या. टाचांना भेगा, त्यांत कोकमतेल भरलेलं. उरलेली नखं उतारवयात होतात तशी, निस्तेज आणि उभ्या रेघांची.

वयाबरोबर नखं बदलतात, यात आजार काही नाही. तरुणपणी पायाचं नख महिन्याला साधारण एक ते दीड मिलिमीटर वाढतं, हाताचं त्याच्या दुपटीहून अधिक. उतारवयात हा वेग मंदावतो, पायाकडचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि वर्षानुवर्षं बुटाचा दाब सोसून नख थरावर थर चढवत जातं. जाड नख खालच्या मऊ गादीपासून थोडं सुटलं की मधल्या पोकळीत मेलेल्या पेशींचा चुरा साचतो आणि नख पिवळं दिसतं. यात बुरशी असू शकते, नसूही शकते. बिघडलेल्या पायाच्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी सापडते. म्हणजे नुसतं पाहून "फंगस आहे" म्हणणं जवळपास नाणं उडवण्यासारखं आहे.

मी विचारलं, "अण्णा, नखं कोण कापतं?"

अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले. उत्तर सूनबाईंनी दिलं. सासूबाई होत्या तेव्हा दर रविवारी अंघोळीनंतर गॅलरीत पेपर पसरून त्याच अण्णांची नखं काढायच्या. त्या जाऊन अडीच वर्षं झाली. पुढे अण्णांनी स्वतः करून पाहिलं. गुडघे वाकत नाहीत, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा व्हायचाय, आणि नेलकटरच्या तोंडात हे नख शिरतच नाही. एकदा दाढीच्या पात्यानं प्रयत्न केला, रक्त आलं, सोडून दिलं. मुलगा सकाळी सातला जातो तो रात्री नऊला येतो. सूनबाई दोनदा म्हणाल्या होत्या, "मी काढते."

"सुनेनं पायाला हात लावायचा तो नमस्काराला," अण्णा म्हणाले. "नखं काढायला नाही."

महिन्याला एकच मिलिमीटर धरलं तरी अडीच वर्षांचे तीन सेंटिमीटर होतात. त्यातलं काही झिजलं, काही मोडलं, उरलेलं वळत गेलं. केसपेपरवर निदानाच्या जागी मी पुढे बरेच लांबलचक शब्द लिहिले, पण या पायांची हकिगत त्या एका उत्तरात आली होती. पत्नी गेल्यावर या पायांकडे बघणारं कोणी उरलं नव्हतं. त्यात मीही आले.

आधी झालेले उपचार

पायाचा त्रास अण्णांनी मला सांगितला नव्हता, पण उपाय बरेच करून झाले होते. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून चिखल्यांना लावत होते. ती मागवून पाहिली, तर बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र केलेलं मलम. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी खालून पसरत राहते. अशी बरीच स्टेरॉइड मलमं २०१८ मध्ये सरकारनं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नाहीत. तरी ती मिळतात. गजकर्ण-नायट्याची दुखणी आपल्याकडे इतकी हट्टी का झाली, त्याचं एक मोठं कारण या ट्यूबा आहेत.

दुसरा उपाय गोळ्यांचा. सहा महिन्यांपूर्वी ते दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले होते. नख बघून, तपासणी न करता, त्यांना फ्लुकोनाझोल ही बुरशीची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितलं गेलं. दोन महिने घेतलं, मग बंद केलं. का बंद केलं? "चक्कर यायची. घाम फुटायचा. एकदा भारतमाताच्या नाक्यावर खाली बसलो."

अण्णा साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेतात. फ्लुकोनाझोलमुळे यकृतात ग्लिमेपिराइडचा निचरा मंदावतो, रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. नाक्यावर बसले तेव्हा कोणी साखर मोजली नाही, त्यामुळे तसंच झालं असं सिद्ध करता येणार नाही. पण गोळी बंद केल्यावर तो त्रास पुन्हा झाला नाही, आणि मला वेगळं कारण सापडलं नाही. नखाच्या गोळीनं म्हातारा माणूस भर रस्त्यात पडू शकतो, हे गोळी लिहिताना ध्यानात हवं.

तिसरा उपाय घरचा: कडकडीत गरम पाण्यात व्हिनेगर घालून रोज अर्धा तास पाय बुडवणं. कुणी तरी सांगितलं होतं. सूनबाईंचा हेतू चांगला होता. पण अण्णांना पाणी किती गरम आहे ते कळतच नव्हतं, हे पुढच्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं.

नखाखाली

तपासणीसाठी दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट वापरतात. नायलॉनचा जाड धागा असतो, त्वचेवर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि रुग्णानं डोळे मिटून "लागलं" म्हणायचं. अण्णा तळव्याच्या मध्यावर म्हणाले. अंगठ्यांवर आणि बोटांच्या मुळाशी धागा वाकत राहिला, ते गप्पच. १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला, त्याचीही थरथर कळली नाही. पावलावरची नाडी डावीकडे चांगली लागली, उजवीकडे अगदी क्षीण.

मग निपर, म्हणजे जाड नखं कापायची पक्कड, घेतला. जाड नख मधोमध कापायला जायचं नाही, टोकापासून तांदळाएवढे तुकडे काढत मागे यायचं. वीस मिनिटं लागली. नख पातळ झाल्यावर आतून काळपट ओला चुरा निघाला, तो सलाइननं धुतला आणि खाली जखम दिसली. चार मिलिमीटरची, फिकट गुलाबी. बुटाचा दाब नखावर, नखाचा दाब गादीवर, असं महिनोन्‌महिने चाललं होतं, आणि दुखून ओरडायला तिथली नस उरली नव्हती.

अण्णांना मी आरशात ती दाखवली. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "मला कळलंच नाही, बाई."

पाय गेलेल्या मधुमेही रुग्णांची सुरुवात अनेकदा इतकीच असते. म्हणून "म्हातारपणी नखं अशीच होतात" हे वाक्य मला खपत नाही. होतात, पण अशा नखाखाली काय चाललंय ते नख पातळ केल्याशिवाय दिसत नाही.

जखमेत निर्जंतुक सळई हलकेच घालून पाहिली, हाड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एक्सरे काढला. हाड शाबूत होतं, नखाखाली हाडाची वाढही नव्हती. मग चिठ्ठी देऊन पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, त्वचारोग विभागात आणि मधुमेही पायांच्या ओपीडीत.

दोन अंगठे, दोन आजार

नखाचा नमुना घेण्यातच निम्मं निदान असतं. वरचा कोरडा तुकडा कापून पाठवला तर अहवाल बहुधा नकारात्मक येतो, कारण जिवंत बुरशी मागे, चांगलं आणि खराब नख जिथे मिळतं तिथे असते. नख स्पिरिटनं पुसून, पुढचं कापून टाकून, तिथला चुरा खरवडून घ्यावा लागतो. लावायची औषधं आधी निदान दोन आठवडे बंद हवीत, पोटातली त्याहून बऱ्याच आधीपासून. अण्णांच्या गोळ्या बंद होऊन चार महिने झाले होते. ट्यूब आम्ही त्याच दिवशी थांबवली आणि नमुना दोन आठवड्यांनी घेतला.

दोन्ही अंगठ्यांचे नमुने वेगवेगळे गेले, यासाठी त्वचारोग विभागातल्या तरुण डॉक्टर मुलीचे आभार. मी एकच मागितला होता.

केओएच तपासणीत चुरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, अहवाल त्याच दिवशी मिळतो. डाव्या अंगठ्यात बुरशीचे धागे दिसले. उजव्यात काही नाही. केओएच चुकू शकते, म्हणून उजव्याचा तुकडा पीएएस रंगद्रव्यानं रंगवून पॅथॉलॉजीतही पाहिला, तिथेही बुरशी नाही. कल्चरला चार आठवडे गेले. डाव्यात ट्रायकोफायटन रुब्रम वाढली, पायाच्या नखांत सगळ्यात जास्त सापडणारी बुरशी. चिखल्यांतही तीच असावी. बहुतेक वेळा ती बोटांच्या बेचक्यातून नखात शिरते.

उजव्या अंगठ्याचा उलगडा अण्णांनीच केला. नव्वदच्या दशकात, पहाटे पाणी यायच्या वेळी, भरलेलं पिंप सरकवताना ते अंगठ्यावर आलं होतं. नख काळं पडून गळालं, नवं आलं ते वाकडंच. म्हणजे नख जिथून उगवतं ते मूळ तेव्हाच दुखावलं होतं. वाकडं नख तीस वर्षं कोणीतरी दर रविवारी काढत होतं म्हणून ते ताब्यात राहिलं, आणि हात थांबल्यावर त्याचं शिंग झालं. वैद्यकात याला ओनिकोग्रायफोसिस म्हणतात. यावर बुरशीची गोळी वर्षभर दिली असती तरी नखाला काही झालं नसतं. यकृताला मात्र होऊ शकलं असतं.

काळ्या डागाबद्दल मला खरी भीती होती. नखाखाली मेलानोमा हा कर्करोग होतो. काळी-तपकिरी पट्टी रुंद होत जाते, कधी रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरतो. वयस्कर माणसात, एकाच नखात, नव्यानं दिसलेला काळा रंग "मार लागला असेल" म्हणून सोडायचा नाही. डर्माटोस्कोपमधून, म्हणजे त्वचा तपासायच्या भिंगातून, हा डाग रक्ताचा वाटला. खात्रीसाठी डागाच्या मागच्या कडेशी नखावर बारीक खूण केली. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं, मुळातून येणारा रंग मागे उरतो. आठ आठवड्यांनी खूण आणि डाग दोन्ही जोडीनं पुढे सरकले होते, मागे स्वच्छ नख आलं होतं. त्या दिवशी मला बरं झोपता आलं.

सोरायसिसचा विचारही केला. त्यात हाताच्या नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडतात, नखाखाली तेलाच्या थेंबासारखे डाग दिसतात, कोपरांवर किंवा डोक्यात खपल्या असतात. अण्णांना यातलं काही नव्हतं. वीसच्या वीस नखं पिवळी, वाढ जवळपास थांबलेली आणि सोबत पायाला सूज किंवा खोकला-धाप असती तर छाती तपासली असती. (पुष्कळ आज्या हाताची पिवळी नखं घाबरून दाखवतात, ती हळदीची किंवा नेलपॉलिशची असतात आणि पुढे वाढून निघून जातात.)

काय केलं, काय केलं नाही

मुलगा रजा काढून आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: "मॅडम, नख काढूनच टाका ना. एकदाचा प्रश्न मिटेल."

तरुण माणसाच्या निरोगी पायात तसं करता येतं. अण्णांच्या उजव्या पायात घोटा आणि दंडावरच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.८२ आलं होतं. ०.९ च्या खाली म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. डावीकडचं ०.९६, पण मधुमेहात रक्तवाहिन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून त्यावरही मी फार विसंबले नाही. एवढ्या कमी रक्तपुरवठ्यात अख्खं नख उपटणं म्हणजे चार मिलिमीटरच्या जखमेच्या जागी दोन सेंटिमीटरची जखम करणं, तीही भरेल की नाही याची शाश्वती नसताना. आणि मूळ दुखावलेलं असल्यानं नवं नख पुन्हा वाकडंच येणार. मुलाला ते पटायला वेळ लागला. कागदावर चित्र काढून दाखवल्यावर पटलं.

उजव्या अंगठ्याला औषध असं नव्हतंच. नख बरनं (फिरत्या यांत्रिक घासणीनं) घासून पातळ ठेवणं, जखमेवर साधं ओलं ड्रेसिंग, आणि दाब काढणं. दाब काढणं म्हणजे बूट बदलणं. अण्णांचा काळा बूट निमुळत्या तोंडाचा, पोस्टात असल्यापासूनची सवय. त्याऐवजी एमसीआर रबराची मऊ तळाची, रुंद तोंडाची, मागे पट्टा असलेली वहाण घेतली. कुष्ठरोगाच्या रुग्णांसाठी आपल्याकडे हे रबर कित्येक वर्षं वापरात आहे, संवेदना गेलेल्या कुठल्याही पायाला ते चालतं. पायताण संध्याकाळी घ्यायचं, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि पुढे अंगठाभर जागा मोकळी हवी.

डाव्या अंगठ्याबद्दल खरी चर्चा झाली. बुरशी सिद्ध झाली होती. उत्तम औषध टर्बिनाफिन, रोज २५० मिलिग्रॅम, बारा आठवडे, आधी यकृताची तपासणी करून. पण अण्णा रक्तदाब-हृदयासाठी मेटोप्रोलॉल घेतात, आणि टर्बिनाफिन त्याचा निचरा रोखतं, नाडी मंदावते. त्यांची नाडी आधीच ५८. इट्राकोनाझोल ही बुरशीची दुसरी गोळी त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या अटोर्वास्टॅटिनशी भांडते, आणि कमकुवत हृदयात ती देऊच नये. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून मेटोप्रोलॉल बदलता आलं असतं. मी अण्णांपुढे दोन्ही बाजू ठेवल्या. बुरशी नखाच्या तिसऱ्या हिस्स्यापर्यंतच होती, मुळाला लागलेली नव्हती, म्हणून वरून लावायचं औषध हाही योग्य मार्ग होता. फक्त त्यानं पूर्ण बरं होण्याची शक्यता गोळ्यांपेक्षा बरीच कमी, आणि वर्षभर नेटानं लावावं लागतं.

"आत्ताच नऊ गोळ्या आहेत," अण्णा म्हणाले. "दहावी नको. लावायचं द्या."

अमोरोल्फिन ५ टक्के लॅकर, म्हणजे नेलपॉलिशसारखं नखावर लावायचं बुरशीनाशक, ठरलं, आठवड्यातून एकदा. चिखल्यांना स्टेरॉइड नसलेलं साधं बुरशीनाशक मलम चार आठवडे, आणि बेचकी कोरडी. मुंबईच्या जुलैत बेचकी कोरडी ठेवणं बोलायला सोपं आहे. एका खोलीच्या घरात कपडे दोरीवर तीन दिवस ओले असतात. सूनबाईंनी मार्ग काढला: मोजे रात्री पंख्याखाली, सकाळी इस्त्री, आणि अंघोळीनंतर प्रत्येक बेचकीत जुन्या सुती साडीची चिंधी फिरवायची. व्हिनेगर बंद, बुडवून ठेवणंही बंद. पाणी कोमटच, तेही सूनबाईंनी कोपर घालून पाहिल्यावर. कोकमतेल चालू ठेवलं, टाचांना ते छान आहे, पण बोटांच्या मध्ये नाही. घरात सहा माणसांत एक नेलकटर होता, अण्णांचा वेगळा केला.

एक गोष्ट मी दरडावून सांगितली. हिंदमाताला पाणी तुंबलं की त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र असू शकतं आणि पायाच्या उघड्या जखमेतून लेप्टोचे जंतू (लेप्टोस्पायरा) शिरू शकतात. अशा पाण्यातून चालावं लागलंच तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते ठरवायला.

उरला लॅकर लावण्याचा प्रश्न. त्याआधी नखाचा वरचा थर घासणीनं घासायचा, स्पिरिटनं पुसायचा, मग लावायचं. अण्णांना पोचता येत नाही. सुनेला ते लावू देणार नाहीत. मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "रविवारी मी असतो."

नर्सनं त्याला स्टुलावर बसवून शिकवलं. घासणी एकाच दिशेनं, सरळ, कडा गोल न करता. घासणीही अण्णांची एकट्याची, आणि चांगल्या नखांना वेगळी. कापायचं काही नाही, पातं तर घरात ठेवायचंच नाही. जाड नख आठ आठवड्यांनी आमच्याकडे. त्यानं वडिलांची टाच हातात धरली तेव्हा दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते.

पुढचं वर्ष

जखम पाच आठवड्यांत भरली. चिखल्या गेल्या, पावसाळ्याच्या शेवटी एकदा परत आल्या, पुन्हा गेल्या. साखरेची औषधं बदलली, ग्लिमेपिराइड कमी केलं, एचबीए१सी सहा महिन्यांत ७.५ वर आलं. या वयात त्याहून खाली रेटायचा मी आग्रह धरला नाही.

गणपतीत एक प्रसंग घडला. चाळीच्या गणपतीच्या विसर्जनाला अण्णा अनवाणी निघाले, दर वर्षीप्रमाणे. कोणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मुलगा घासणी घेऊन बसला तर डाव्या तळव्याला मोठा फोड. अण्णांना पत्ता नव्हता. सोमवारी सकाळी दोघं माझ्या दारात. फोड न फोडता झाकून ठेवला, दहा दिवसांत कातडी बसली. दर आठवड्याला लॅकर लावायचं नसतं तर तो फोड मोज्याला डाग लागल्यावरच कळला असता.

लॅकरचा निकाल जसा आहे तसा सांगते. सहा महिन्यांत डाव्या नखाच्या मुळाशी पाच मिलिमीटर स्वच्छ, पारदर्शक नख आलं. बारा महिन्यांनी पिवळेपणा टोकाच्या एका कोपऱ्यापुरता उरला होता. पूर्ण बरं झालं असं नाही, आणि केओएच पुन्हा केली तेव्हा एखाद-दुसरा धागा दिसला. आम्ही औषध चालू ठेवलं. अण्णांना नखाच्या दिसण्याची फिकीर कधीच नव्हती. बूट न लागता नातवाला शाळेपर्यंत सोडायला जाता येतं, एवढं त्यांना हवं होतं, ते मिळालं.

उजवं नख आजही जाड उगवतं, आजही वळायला बघतं. ते तसंच राहणार, आणि दर आठ आठवड्यांनी कोणीतरी ते पातळ करत राहणार. गेल्या सोमवारी आले तेव्हा मी बीपीचा पट्टा हातात घेईपर्यंत अण्णांनी वाकून उजव्या वहाणेचा पट्टा सोडला होता. गुडघा दुखत होता, मुलगा पुढे झाला तर त्याला हातानंच थांबवलं. मग पाय स्टुलावर ठेवून म्हणाले, "आधी हा बघा."